आवारातला माल पण बांधायचाच!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मालाच्या चढउतारीवर बोललो. एक मुद्दा तिथे घाईत गेला, तो इथे नीट मांडतो.

मालवण-कुडाळच्या चिरेखाणीवर जा, काजूच्या कारखान्यात जा नाहीतर बंदरावर मासळी उतरवताना बघा. एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, "हयल्या हय तर जावचा आसा, बांधूक कित्याक व्हया?" हायवेला लागायचं असेल तर हाच माणूस दोरी आवळतो, ताडपत्री टाकतो, कारण पुढे पोलीस उभा असतो. आवारात पोलीस नसतो, म्हणून दोरीही नसते.

माझं मत स्पष्ट आहे. दोरी पोलिसासाठी नसतेच. ती खाली उभ्या असलेल्या माणसासाठी असते.

"गाडी हळू चालते" हे कारण तर अजिबात पटत नाही. दीड मीटर उंचीवरून सुटलेला चिरा जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी उभी असली तरीही! आणि आपली आवारं कशी असतात? चढउताराची, खड्ड्यांची, पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या कातळाची. सपाट डांबरी रस्त्यापेक्षा माल इथेच जास्त हलतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे माल हलू नये म्हणून वर माणूस बसवणं. अहो, माणूस म्हणजे दोरी नव्हे! क्रेट घसरले की आधी तोच खाली जातो आणि क्रेट त्याच्या अंगावर. कामावर असताना कामगाराला इजा झाली तर भरपाई मालकावर येते, हे आपल्याकडे 1923च्या कायद्यापासून चालत आलंय. पण पैशाचं सोडा. आपल्या गावात कामगार म्हणजे शेजारी नाहीतर नातेवाईक. त्याच्या घरी कुठल्या तोंडाने जाणार?

आता "वेळ जातो" या तक्रारीकडे येऊ. तक्रार खरी आहे. पण दर कसा ठरवलाय ते बघा. खेपेमागे पैसे देत असाल तर न बांधण्याचंच बक्षीस तुम्ही देताय. मग ड्रायव्हरला ओरडून काय उपयोग? बांधायचा वेळ धरून खेपेचा दर ठरवा.

शिवाय प्रत्येक मालाला दोरी लागतेच असं नाही:

• चिरे: हौद्याच्या फळीच्या वर थर नको. पुढच्या फळीला टेकवून रचा, मागचा फाळका लावा. एवढं केलंत तर दोरी न लावताही चालेल. फाळका उघडा ठेवून मात्र एकही खेप नको.

• मासळीचे क्रेट: ओले प्लॅस्टिक ओल्या पत्र्यावर सरकतंच. क्रेट एकमेकांत बसवा आणि वरून रॅचेट बेल्ट आवळा. रिकामे क्रेटही बांधा, हलके म्हणून तेच आधी उडतात.

• काजूची पोती: भरलेलं पोतं 80 किलोपर्यंत असतं. एक थर उभा, एक आडवा असं रचा. उंच गेलं तर बेल्ट हवाच.

• ड्रम, गॅस सिलिंडर: उभे ठेवा, फळीला बांधा. लोळत नेऊ नका.

नायलॉनची दोरी भिजली, हिसके बसले की सैल पडते. म्हणून दहा-वीस मीटर गेल्यावर थांबून एकदा हात लावून बघा. बेल्ट गाडीतच कायमचा अडकवून ठेवा. शोधायला लागला की कोणी बांधत नाही.

युरोपात बांधणीचा साधा हिशोब असा की, ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढे आणि वळणावर 50 टक्के जोर बाजूला झेलता आला पाहिजे. तुमच्या टेम्पोत 1 टन माल असेल तर 800 किलोचा धक्का पुढे. सुतळी तो झेलेल का, तुम्हीच सांगा.

उद्या सकाळी एकच करा. पहिली खेप निघायच्या आधी स्वतः गाडीभोवती एक फेरी मारा. मालक बघतो म्हटल्यावर आठ दिवसांत सगळ्यांना सवय लागते. धंदा वाढवायचाय ना? मग आधी माणसं सांभाळा.