भिंत पॅनेलला, खिंडार कापसाला

आयातशुल्क ही भिंत असते. ती कोणाच्या अंगणाभोवती उभी राहते आणि कोणाच्या शेताच्या बाजूने पाडली जाते, यावरून सरकार कोणत्या वर्गाचे आहे ते ओळखावे. अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला हा धडा एकाच धुऱ्यावर मिळाला आहे.

आयात सौर पॅनेलवर केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये २५ टक्के संरक्षक शुल्क लावले. १ एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क आले. चिनी मालाच्या लोंढ्यापुढे देशी उद्योग तगावा, हा हेतू गैर नाही. स्वावलंबनाशी समाजवाद्यांचे वैर कधीच नव्हते. या धोरणाचे फळही दिसले : ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यताप्राप्त यादीतील पॅनेल-निर्मितीची क्षमता १०० गिगावॉटवर गेली. मात्र तेव्हाही सेल आणि वेफरसाठी चीनकडे पाहावे लागतच होते; जुळणी देशी, गाभा परका!

या संरक्षणाची किंमत कोण मोजतो? ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्के हिस्सा भरतो; उरलेला भार अनुदानाचा, म्हणजे जनतेच्या पैशाचा. पॅनेल महागले की हिस्साही वाढतो आणि अनुदानही. नफा मात्र मुंद्रा-सुरतेकडील कारखानदारांचा.

आता कापसाकडे पाहावे. फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. २०२२ मध्ये ते काही महिने उठविले गेले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ते पुन्हा शून्यावर आणले. मुदत आधी ३० सप्टेंबरची, मग ३१ डिसेंबरची. वऱ्हाडात वेचणी चालते ती याच महिन्यांत. म्हणजे घरात कापूस येण्याच्या ऐन वेळी भिंत पाडली गेली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर होता. पण १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस सरकारी केंद्र घेत नाही. मग तो व्यापाऱ्याच्या दारी जातो आणि तेथे परदेशी कापसाचा भाव दाखवून देशी भाव पाडला जातो.

सरकारपक्ष म्हणतो, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. गिरण्या जगवायच्या तर स्वस्त कापूस हवा. गिरणी कामगाराची रोजी वाचलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण त्यासाठीची मदत तिजोरीतून का नाही? सौर कारखानदाराचे रक्षण करताना तिजोरी खुली होते. गिरणीला आधार देताना मात्र कोरडवाहू शेतकऱ्याचा खिसा कापला जातो. अमेरिकेच्या धोरणाचा दंड अचलपूर-अकोटच्या शेतकऱ्याने का भरावा?

१९७२ साली महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली, तेव्हा बाजाराच्या लहरीपासून शेतकऱ्याला आडोसा देण्याचे तत्त्व निदान मान्य झाले होते. आज ती योजना नाही आणि शुल्काची भिंतही बेभरवशाची.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : ऑक्टोबर ते मार्च कापसावरील शुल्काला हात लावू नये, प्रत्येक तालुक्यात खरेदी केंद्र वेचणीपूर्वी उघडावे, सौर उद्योगाच्या संरक्षणाला स्वस्त पंपाची अट जोडावी. कार्यकर्त्यांनी ही तीन कलमे जिनिंगच्या फाटकावर आणि गावच्या पारावर न्यावीत. संरक्षण हवेच, पण ते आधी राबणाऱ्याला हवे.