हा उपास साबुदाण्याचा नव्हे!

‘उद्या सकाळी पोटाची सोनोग्राफी आहे, उपाशीपोटी या.’ सेंटरवाले एवढं एकच वाक्य सांगतात, आपण ‘ओके’ म्हणतो आणि फोन बंद. मग रात्री घरात चर्चासत्र सुरू. उपाशी म्हणजे कधीपासून? पाणी चालतं का? बीपीच्या गोळीचं काय?

मी मूळची नंदुरबारची, नोकरी पुण्यात. त्यामुळे गावाकडून असे फोन मला नेहमी येतात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा. थोडा सपाटीवर, थोडा सातपुड्याच्या डोंगरात. पुण्यात टेस्ट पुढे ढकलली, तर आपली फार तर एक हाफ डे जाते. धडगावकडच्या पाड्यावरचा माणूस मात्र घाट उतरून, गाड्या बदलत, दिवसाची मजुरी बुडवून नंदुरबारला येतो. ‘चहा प्यायलात? मग उद्या या,’ असं ऐकलं की त्याचा दुसराही दिवस गेला. काही जण तर परत येतच नाहीत!

बरं, तो माणूस काही खोटं बोलत नसतो. आपल्याकडे चहा खाण्यात धरतो कोण? आणि ‘उपास’ म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळं आलंच. सोनोग्राफीचा उपास मात्र कडक असतो.

यामागचा फंडा सिंपल आहे. आपलं पित्ताशय म्हणजे पित्ताची छोटी पिशवी. पोट रिकामं असलं की ती भरलेली, फुगलेली असते आणि आतले खडे स्पष्ट दिसतात. दुधाचा चहा किंवा तेलातुपाचं काही पोटात गेलं की ती आकुंचन पावते. शिवाय खाल्ल्यावर पोटात हवा वाढते, आणि अल्ट्रासाऊंडच्या लहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत. पोटावर तो गारगार जेल लावतात तोही याचसाठी, प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहू नये म्हणून. म्हणून साधारण ६ ते ८ तास काही खायचं नाही. च्युइंगगम, सिगारेटही नको, त्यातून हवा गिळली जाते. साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं.

ओटीपोटाची तपासणी असेल तर गणित उलटं. मूत्राशय भरलेलं हवं. म्हणजे तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची. डायबेटिस असेल तर सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागा आणि इन्सुलिन-गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारा. जुने रिपोर्ट सोबत न्या. प्रेग्नन्सी असेल किंवा शंका असेल, तर आधी सांगा. मुलगा की मुलगी हे मात्र विचारायचंच नाही. १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. आणि हो, पोटात असह्य दुखत असेल तर उपासाचे तास मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आमच्या जिल्ह्यात या तपासणीला आणखी एक पदर आहे. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढतं आणि अगदी शाळकरी वयातही पित्ताशयात खडे होऊ शकतात. म्हणजे ‘खडे काय, चाळिशीनंतर होतात’ हे इथे चालत नाही. अशा लहान मुलाचं पोट अचानक फुगलं आणि चेहरा पांढराफटक पडला, तर प्लीहेत रक्त अडकलेलं असू शकतं. ती इमर्जन्सी असते.

टेस्टचं टेन्शन मात्र घेऊ नका. यात एक्स-रेसारखं रेडिएशन नसतं, दुखत नाही आणि साधारण अर्ध्या तासात काम होतं. पण सोनोग्राफी म्हणजे जादूचा आरसा नव्हे. जठराच्या आतला अल्सर तिच्यात सहसा दिसत नाही, मूत्रनलिकेतला बारीक खडा सुटू शकतो. ‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही’ असं रिपोर्टमध्ये असेल, तर त्याचा अर्थ ‘नॉर्मल’ असा होत नाही. नेटवर शोधत बसण्यापेक्षा तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांची अपॉइंटमेंट हल्ली आपणच मोबाइलवरून घेतो. तेव्हा फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती वाजल्यापासून खायचं नाही? पाणी प्यायचं की नाही? रोजच्या गोळ्या घ्यायच्या का? मग ते आईबाबांना त्यांच्या भाषेत सांगा. अहिराणी, पावरी, भिली, जी असेल ती. आणि चहाचा उल्लेख वेगळा करा. ‘उपाशी’ या शब्दात चहा येतो, हे आपल्याकडे कुणालाच वाटत नाही!