बाळंतपणाची रजा आणि बोनसचा हक्क

दिवाळी जवळ आली म्हणजे नोकरदार घरांत बोनसचा हिशेब मांडला जातो. ज्या घरची सून वा लेक त्या वर्षीं बाळंतपणाच्या रजेवर होती, तेथें मात्र पुष्कळदां असें ऐकूं येतें कीं, "घरीं बसून सहा महिने पगार मिळाला, आतां वर बोनस कशाला मागावयाचा?" हें बोलणें वडील मंडळींच्या भिडस्त स्वभावांतून येतें, हें आम्ही जाणतों. तथापि तें न्यायालाही धरून नाहीं व कायद्यालाही नाहीं. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बोनस म्हणजे मालकाच्या मर्जीची बक्षिसी, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळीं बोनस मिळूं लागला. पुढें तो नाकारला गेल्यामुळें 1924 सालीं मोठा संप झाला. अखेर 1965 च्या कायद्यानें तो हक्क ठरला. वार्षिक वेतनाच्या किमान 8.33 टक्के, म्हणजे सुमारें एका महिन्याचा पगार, आणि कमाल 20 टक्के, अशी मर्यादा पुढें त्या कायद्यांत आली. कामाचे दिवस मोजतांना सवेतन बाळंतपणाची रजा ही काम केल्याप्रमाणेंच धरावी, असेंही त्यांत स्पष्ट सांगितलें होतें. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलांत आलेल्या 2019 च्या वेतनसंहितेनें हा नियम कायम ठेवला आहे.

याचा अर्थ आंकड्यांनीं पाहूं. बोनससाठीं धरावयाचें वेतन दरमहा 7,000 रुपये असेल, तर वर्षाचे 84,000 रुपये होतात व किमान बोनस सुमारें 6,997 रुपये येतो. रजेचे 26 आठवडे गैरहजेरींत धरले, तर हीच रक्कम निम्म्यावर येते. घरांत पाळणा हलूं लागला, औषधपाण्याचा खर्च वाढला, नेमकी तेव्हांच ही काटछांट व्हावी, हें कोणास रुचेल?

रजेचा हक्कही आयता मिळालेला नाहीं. 1928 सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत या विषयाचें बिल आलें, तेव्हां मातेला विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, अशी बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली, 1929 सालीं मुंबई इलाख्याचा कायदा झाला. 1961 चा कायदा सर्व देशासाठीं होता. 2017 सालीं पहिल्या दोन अपत्यांकरितां रजेची मुदत 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. अशा रजेवर असतां स्त्रीला कामावरून काढणें, किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या नुकसानीच्या दृष्टीनें बदलणें, हें त्या कायद्यानें बेकायदेशीर ठरविलें. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही तें संरक्षण आहे.

परंतु हक्काची सीमाही ओळखली पाहिजे. सवेतन रजा संपल्यावर बिनपगारी रजा वाढवून घेतली, तर ते दिवस वरील नियमांत बसत नाहींत. वीसांहून कमी नोकर असलेल्या संस्थेला, तसेंच ठराविक मर्यादेहून अधिक वेतन घेणाऱ्यांना, हा कायदेशीर बोनस सामान्यतः लागू नाहीं. मोठ्या कंपन्या कामगिरी पाहून जो बोनस देतात, तो मुख्यतः कराराचा विषय होय. म्हणून रजेवर जाण्यापूर्वींच नेमणुकीचें पत्र व संस्थेचे नियम नीट वाचावे, रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची नक्कल घरीं जपून ठेवावी. हिशेब चुकीचा वाटल्यास प्रथम कचेरींत लेखी विचारणा करावी. तेथें दाद न लागल्यास सरकारी कामगार कचेरी आहे.

सुनेचें डोहाळजेवण आपण हौसेनें करतों, बाळंतिणीच्या पथ्यपाण्यांत कांहीं उणें पडूं देत नाहीं. तिच्या श्रमाच्या मोबदल्याची काळजीही त्याच मायेनें वाहिली पाहिजे. "कशाला मागतेस?" असें न म्हणतां, "अर्ज केलास ना?" असें घरच्या वडिलांनीं विचारावें, एवढीच आमची विनंति आहे.