पाचामुखी परमेश्वर, परंतु कोणत्या पाचांच्या?

पंचांचा निकाल अखेरचा असतो, हे वाक्य आपल्याकडे इतक्या श्रद्धेने उच्चारले जाते की, तो अखेरचा का मानावा, असे विचारणारा मनुष्य तत्काळ पाखंडी ठरतो. तो प्रश्न आज आम्ही विचारणार आहोत. आणि त्यास निमित्त आमच्या सोलापूर जिल्ह्यानेच पुरविले आहे.

जानेवारी 2023 मध्ये पुण्यास कोथरूड येथे महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. प्रत्येकातून एक मल्ल पुढे येतो आणि त्या दोघांत किताबाची कुस्ती होते. माती विभागातील निर्णायक कुस्ती पडली ती मोहोळचे सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातील शिरसीचे महेंद्र गायकवाड यांच्यात. कोणीही जिंकला तरी सोलापूरचाच जय व्हावयाचा होता. परंतु घडले ते निराळेच. महेंद्र यांनी बाहेरची टांग लावली, पंचांनी त्या डावाचे 4 गुण दिले आणि पारडे फिरले. सिकंदर पाठीवर धोक्याच्या स्थितीत गेलेच नव्हते, सबब 4 गुण देणे गैर होते, असे एका पक्षाचे म्हणणे. डाव स्वच्छ होता, असे दुसऱ्याचे. महेंद्र अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे यांच्याकडून एका मिनिटाच्या आत चीत झाले आणि गदा राक्षे यांच्या खांद्यावर गेली. तरी लोक बोलत राहिले ते त्या 4 गुणांविषयी. पंचास धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. हमालाच्या घरातून वर आलेल्या एका मल्लाच्या पराभवात कित्येकांनी त्याचा धर्म शोधून काढला. एका टांगेचा वाद पाहता पाहता समाजाच्या तंगड्या ओढण्यापर्यंत पोहोचला.

ते 4 गुण योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा आम्ही करीत नाही. तो आमचा अधिकार नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या निकालाचे कारण त्याच वेळी, त्याच जागी, सर्वांस सांगितले जात नाही, तो फार तर हुकूम असेल. त्यास न्याय म्हणता येणार नाही.

आपल्या जुन्या लाल मातीच्या कुस्तीत कारण सांगण्याची गरजच नसे. दोन्ही खांदे मातीस टेकले म्हणजे मल्ल चितपट झाला. पाठीला लागलेली माती हीच साक्ष आणि तीच निकालपत्र. यात्रेच्या फडात झाडावर चढून बसलेल्या पोरासही ती वाचता येई. कुस्ती निकाली झालीच नाही तर ती बरोबरीत सोडवीत. गुणांची पद्धत आली ती ऑलिंपिकच्या कुस्तीबरोबर, आणि ती वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तासन्‌तास चालणाऱ्या झटापटीस तिने वेळेचे बंधन घातले आणि चपळाईला ताकदीच्या शेजारी बसविले. परंतु तिच्यामुळे एक मोठे स्थित्यंतर झाले. प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे नव्वद अंशांहून कमी कोनात वळली की नाही, हे क्षणार्धात ठरवावयाचे असते, आणि ते हजारोंच्या मेळाव्यात कोणासही नीट दिसत नाही. निकाल लोकांच्या डोळ्यांतून निघून जाणत्यांच्या डोक्यात गेला. ज्या दिवशी तो तेथे गेला, त्याच दिवशी कारण सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न झाले. आपण गुण तेवढे उचलले. कर्तव्य मात्र सोडून दिले.

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण या ठिकाणी नेहमी पुढे केली जाते. म्हण खरी आहे. परंतु तिच्यात पाच मुखे आहेत, हे विसरता कामा नये. परमेश्वर बोलतो तो अनेकांच्या संमतीतून; एका शिट्टीतून नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतात. तेथे पंच तीन असतात, एक गादीवर, एक बाजूस आणि एक त्या दोघांवर प्रमुख, व मत बहुमताने ठरते. मल्लाच्या बाजूने हरकत घेता येते, मग चित्रफीत पाहिली जाते. आणि हरकत पोकळ ठरली तर प्रतिस्पर्ध्यास 1 गुण मिळतो, म्हणजे उगाच कुरकुर करणाऱ्यासही चाप बसतो. मात्र कुस्ती संपल्यावर निकाल बदलता येत नाही, असेही ते नियम बजावतात. कोणी म्हणेल, मग वाद कशाला? आम्ही म्हणतो, म्हणूनच वाद. जो निकाल मागाहून सुधारता येत नाही, तो देण्यापूर्वीच दहादा पाहिला पाहिजे.

तसे झाले नाही म्हणजे काय होते, हे 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरात दिसले. गादीवरील निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांस चीत केल्याचा निकाल झाला. आपले खांदे टेकले नाहीत, चित्रफीत पाहा, ही राक्षे यांची मागणी मान्य झाली नाही. आणि त्यांनी पंचास लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणाविषयी तक्रार करीत आखाडा सोडून गेले आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. राक्षे व गायकवाड यांस तीन तीन वर्षांची बंदी झाली. वाचकांनी या नावांकडे जरा लक्ष द्यावे. 2023 चा वादग्रस्त निकाल ज्यांच्या पथ्यावर पडला ते गायकवाड, आणि त्या वर्षी गदा ज्यांनी नेली ते राक्षे. दोनच वर्षांनी दोघेही फिर्यादी! यावरून हे उघड होते की, हा रोग एखाद्या मल्लाच्या स्वभावात नसून त्या व्यवस्थेत आहे. आज जिचा लाभ होतो, तीच उद्या गळा धरते.

लाथेचे समर्थन आम्ही करीत नाही. पंचावर हात टाकणाऱ्यास शासन झालेच पाहिजे. परंतु सभ्यपणे तक्रार करणाऱ्याचे तरी काय होते? 2014 मध्ये इंचिऑनच्या आशियाई खेळांत मुष्टियुद्धाच्या उपांत्य सामन्यात सरिता देवी यांस पराभूत ठरविण्यात आले. त्यांनी कोणास बोटही लावले नाही. रडत रडत आपले कांस्यपदक कोरियन प्रतिस्पर्धिणीच्या गळ्यात घातले. त्यांसही एक वर्षाची बंदी झाली. लाथ मारली तरी बंदी आणि अश्रू ढाळले तरी बंदी, तर मग फिर्याद करावी तरी कोणत्या भाषेत?

'यंत्रे आणा म्हणजे वाद मिटेल', असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याने मुष्टियुद्धाचाच इतिहास पाहावा. 1988 साली सेऊल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स यांनी पार्क सि-हुन यांस सरळ सरळ झोडपले, तरी पाच पंचांपैकी तिघांनी पार्क यांस विजयी केले. त्या गाजावाजानंतर गुण मोजण्यास यंत्रे आली; तरी निकालांवरील गदारोळ काही थांबला नाही. यंत्र हे पंचाच्या हातातले हत्यार आहे. त्यास विवेक जोडता येत नाही. जोन्स यांस अखेर जे मिळाले ते संस्थेकडून नव्हे. 2023 मध्ये स्वतः पार्क यांनी त्यांच्या गावी जाऊन ते सुवर्णपदक त्यांच्या हाती दिले. पस्तीस वर्षांनी एका खेळाडूच्या मनाने जे केले, ते संस्थेस एका संध्याकाळी का करता आले नाही?

आपल्या संस्थांची स्थिती तर याहून केविलवाणी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावास सिकंदर शेख यांनी राक्षे यांस हरवून महाराष्ट्र केसरी किताब मिळविला, आणि त्याच महिन्यात धाराशिवास राक्षे हेही महाराष्ट्र केसरी झाले! 2025 मध्ये अहिल्यानगरच्या गदेस दोन महिने होतात न होतात तोच कर्जत येथे आमच्याच जिल्ह्यातील वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाले. या मल्लांच्या पराक्रमाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु केसरी म्हणजे सिंह. आणि एका वनात एकाच वेळी दोन राजे नांदविणाऱ्यांनी, आपला शब्द अखेरचा माना, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्यांचे आपसांतच एकमत नाही, त्यांच्या मुखी परमेश्वर यावयाचा कसा?

आमच्या सुशिक्षित कुटुंबांस हा तालमीतल्या लोकांचा प्रश्न वाटतो. परंतु हीच कुटुंबे क्रिकेटच्या सामन्यात तिसऱ्या पंचाने चित्र फिरवून फिरवून पाहिल्याखेरीज फलंदाज बाद मानीत नाहीत. जो न्याय मैदानावरील लक्षाधीशास मिळतो, तो दूध-बदामासाठी बापाने कर्ज काढलेल्या खेड्यातल्या पोरास का मिळू नये? त्याच्या दृष्टीने गदा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती तीनदा जिंकणारे विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले. एका गुणात एका घराचे दारिद्र्य फिटते किंवा कायम होते.

म्हणून आमची मागणी एकच आणि साधी आहे. निर्णायक कुस्तीतील प्रत्येक वादग्रस्त गुणाची आणि प्रत्येक चितपटीची चित्रफीत, विजेत्याचा हात वर करण्यापूर्वी, सर्व मेळाव्यास दाखवावी, आणि प्रमुख पंचाने आपले कारण मराठीत, मोठ्या आवाजात सांगावे. कारण चुकीचे असेल तर ते तेथेच उघडे पडेल. बरोबर असेल तर पंचाच्या रक्षणास पोलीस बोलवावे लागणार नाहीत. पाठीला लागलेली माती पूर्वी सर्वांस दिसत असे. ती पुन्हा सर्वांस दिसू द्या. मग पंचांचा निकाल अखेरचा मानण्यास आम्ही सर्वांच्या आधी तयार आहोत.