तुपाला नाही, श्रीखंडाला हो

आपल्या मराठी मंडळाच्या पंगतीत तूप वाढणाऱ्यापुढे हात आडवा धरणारे आणि श्रीखंडाची दुसरी वाटी मागून घेणारे बहुधा एकच असतात. त्यातले बरेच जण भारतवारीत हेल्थ चेकअपचं पॅकेज करून आलेले असतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं की घरी पहिली गदा तूप-तेलावर येते. साखर, मैदा आणि ज्यूस मात्र सहीसलामत सुटतात. माझा वाद आहे तो या निवाड्याशी.

लिव्हरमधली चरबी येते कुठून? अमेरिकेत 2005 साली फॅटी लिव्हरच्या काही लठ्ठ रुग्णांत हे मोजलं गेलं. रुग्ण मोजकेच होते, पण हिशेब डोळे उघडणारा होता. जेवणातल्या स्निग्ध पदार्थांतून थेट आलेली चरबी फक्त 15 टक्के निघाली. सुमारे 59 टक्के शरीरात आधीच साठलेल्या मेदातून सुटून आली होती आणि 26 टक्के चरबी लिव्हरने स्वतःच, मुख्यतः साखर-पिठुळ पदार्थांपासून, तयार केली होती. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. ते जास्त झालं की लिव्हर त्याची चरबी करून ठेवतं. गूळ घातला म्हणून यातून सुटका नाही.

आता पाडव्याचं ताट बघा. श्रीखंडात बहुतेक घरी चक्क्याच्या बरोबरीने साखर पडते, म्हणजे 100 ग्रॅमच्या वाटीत 40-50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 50 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, शक्यतो 25 च्या. जोडीला पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात. मुलांच्या टेबलावर ज्यूसचे खोके. मटकीची उसळ केलीच तर टेबलाच्या टोकाला, उरली तर घरी न्यायला.

हे वाचून तुपाचा डबा मोकळा सोडू नका. फिनलंडमधल्या एका प्रयोगात तीन आठवडे रोज 1000 कॅलरी जादा खायला दिल्या. त्या लोणी-चीजसारख्या संपृक्त स्निग्ध पदार्थांतून मिळालेल्यांच्या लिव्हरमधली चरबी 55 टक्क्यांनी वाढली, साखरेतून मिळालेल्यांची 33 टक्क्यांनी. पण वरणभातावरचं चमचाभर तूप म्हणजे जेमतेम 45 कॅलरी. त्याच्यावर सगळा राग काढण्यात अर्थ नाही.

उसळीची बाजू मी घेतो ती आतड्यांसाठी. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येतं. तिथल्या जंतूंना कडधान्यं, भाकरी, पालेभाज्या यांतला चोथा मिळाला की ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि त्यावर आतड्याच्या अस्तराचं पोषण होतं. चोथा नसेल तर अस्तर कमजोर होतं, जंतूंची विषारी द्रव्यं रक्तात झिरपतात आणि ती थेट लिव्हरच्या दारात जातात. चीनमध्ये 2019 साली फॅटी लिव्हरच्या अनेक रुग्णांच्या आतड्यांत भरपूर अल्कोहोल तयार करणारे क्लेबसिएला जंतू सापडले. ‘आम्ही तर थेंबही घेत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. आणि साबुदाण्याला उपवासाचा म्हणून माफी नाही. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, चोथा नावालाही नाही.

‘पण मी तर बारीक आहे.’ पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. आपल्यापैकी अनेकांची चण अशीच आहे, त्यामुळे वजनकाट्याइतकंच पोटाच्या घेरावर लक्ष हवं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी ते 7 ते 10 टक्के उतरवलं तर लिव्हरची सूजही ओसरू शकते. व्हॉट्सअपवरच्या ‘लिव्हर डिटॉक्स’ पावडरींनी ते होत नाही. गुळवेलीच्या काढ्यांनंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत, हेही लक्षात असू द्या.

‘सणाला एक दिवस गोड खाल्लं तर काय बिघडतं?’ एका दिवसाने काहीच नाही. पण आपला सण एक दिवसाचा असतो कुठे? संक्रांत, पाडवा, गणपती, कोजागिरी, दिवाळी, आणि मधल्या प्रत्येक वीकेंडला कुणाची तरी बारशाची, ग्रॅज्युएशनची पार्टी.

दिवाळीच्या जेवणाची ऑर्डर केटररला लवकरच जाईल. मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती आहे की गोडाचा एकच पदार्थ ठेवा, वाटी लहान ठेवा, ज्यूस आणि सोड्याऐवजी ताक ठेवा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि जवसाची चटणी टेबलाच्या सुरुवातीला मांडा. भाकरी करायला माणसं कमी पडली तर माझं नाव लिहून घ्या.