गादीची गुंडी आणि न्यायालयातील साक्ष

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पाट्या, शाळा, परिपत्रके आणि मोर्चे उभे राहतात. ते योग्यच आहे आणि त्या विषयांवर आम्ही वारंवार लिहीत आलो आहोत. आज मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी वाचकांचे लक्ष आम्ही एका अगदी लहान वस्तूकडे वेधू इच्छितो. ती वस्तू म्हणजे कापसाच्या गादीला लावलेली गुंडी. एका कारागिराचे कष्टाचे पैसे या गुंडीपायी दोन वर्षे अडकून पडलेले आम्ही पाहिले आहेत. अडकण्याचे कारण गुंडी हा शब्द होते, आणि म्हणूनच तो विषय भाषेचा आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. पिंजलेला कापूस खोळीत भरला, काठीने झोडून सारखा केला आणि तोंड शिवून टाकले, एवढ्याने गादी होत नाही. अशा गादीवर माणूस आठ दिवस निजला, की कापूस सरकतो, कडेला जमतो आणि त्याचे गोळे होतात. तो जागच्या जागी राहावा म्हणून वीत-दीड वीत अंतरावर आरपार टाके घालावे लागतात. कारागीर लांब दाभणात जाड, मेण लावलेला दोरा ओवतो, वरच्या अंगाने दाभण खुपसून खालच्या अंगाने काढतो आणि थोडे अंतर सोडून पुन्हा वर आणतो. आधी सुरगाठ मारून दोरा ओढायचा, सगळ्या टाक्यांचा ताण सारखा जमला की निरगाठ मारायची, असा त्याचा क्रम असतो.

पण नुसता दोरा कापडाला कापतो. ओढीचा सगळा भार दोऱ्याच्या जाडीएवढ्या जागेवर येतो आणि काही महिन्यांत खोळीला भोक पडते. तो भार पसरवण्यासाठी दोरा आणि कापड यांच्यामध्ये काहीतरी ठेवावे लागते. साध्या गादीला सुताचा गोंडा किंवा कापडाची घडी पुरते. जास्त वापराच्या गादीला कापडाने मढवलेली, पाठीमागे तारेची कडी असलेली गुंडी लावतात, आणि खालच्या अंगाला दुसरी गुंडी किंवा चामड्याची, नमद्याची चकती बसवतात. टाका ओढला की गुंडीभोवती गादी थोडी दबते आणि खळगा पडतो. तो खळगा दोष नसतो. टाका आरपार गेला आहे आणि दोऱ्याला ताण आहे, याची ती खूण असते. टाका फार सैल राहिला तर कापूस सरकतो, फार घट्ट बसला तर दोरा तुटतो किंवा खोळ फाटते. या दोहोंमधला ताण हाताला कळणे, हेच त्या कारागिराचे शिक्षण.

आता प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका दिवाणी न्यायालयात आम्ही एका वयस्क पिंजाऱ्याच्या वतीने दावा चालवला. त्याने एका खासगी वसतिगृहासाठी ४० गाद्या भरून दिल्या होत्या. दरपत्रक मराठीत, त्याच्याच हातचे होते. ‘आरपार टाका, दोन्ही अंगांनी गुंडी, दर गादीस बारा’ असे त्यात स्पष्ट लिहिले होते. गाद्या पोहोचल्या, वापरात आल्या, परंतु अर्धी रक्कम अडवून ठेवण्यात आली. कारण देण्यात आले की गाद्यांत खड्डे आहेत.

साक्षीच्या दिवशी उलटतपासात त्याला कन्नडमधून विचारण्यात आले, ‘प्रत्येक गादीत गुंडी होत्या, हे खरे ना?’ आमच्या अशिलाने अभिमानाने उत्तर दिले, ‘होय, बारा-बारा होत्या.’ जबाब न्यायालयाच्या भाषेत, म्हणजे कन्नडमध्ये, लिहिला गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील सहावा नियम सांगतो की, जबाब दिला त्याहून वेगळ्या भाषेत लिहून घेतला असेल आणि ती लिखित भाषा साक्षीदाराला समजत नसेल, तर तो त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावा. आमच्या अशिलाला कन्नड बोललेले समजत होते, लिहिलेले वाचता येत नव्हते. तरीही जबाब त्याला वाचून दाखवण्यात आला. त्यात ‘गुंडी’ हा शब्द आला आणि त्याने मान डोलावली. आम्हीही तेथेच उभे होतो आणि आम्हांलाही काही वावगे वाटले नाही.

युक्तिवादाच्या वेळी उलगडा झाला. कन्नडमध्ये गुंडी म्हणजे अंगरख्याचे बटण होतेच, पण गुंडी म्हणजे खड्डासुद्धा होतो. रस्त्यावरचा खड्डाही गुंडीच. समोरच्या पक्षाने म्हटले, ‘वादीने स्वतःच्या तोंडाने कबूल केले आहे की प्रत्येक गादीत बारा खड्डे होते.’ कागदावर तसा अर्थ निघत होता. लेखनिकाने एक अक्षरही चुकीचे लिहिले नव्हते आणि दुभाष्यानेही काही चुकवले नव्हते. जो शब्द उच्चारला गेला तोच लिहिला गेला आणि तोच वाचून दाखवला गेला. दोन भाषांत शब्दाचे रूप एकच असल्यामुळे चूक दिसण्याचा मार्गच उरला नव्हता.

आमच्या व्यवसायातील तरुण मित्रांनी यापुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमात याची सोय होती. त्याच्या कलम ९८नुसार, दस्तऐवजातील तांत्रिक, स्थानिक आणि प्रांतिक शब्दांचा अर्थ दाखवण्यासाठी पुरावा देता येत असे. त्या कलमाखालचे उदाहरणही एका कारागिराचेच होते. एक शिल्पकार आपले सर्व ‘मॉड्स’ विकण्याचा करार करतो. त्याच्याजवळ नमुनेही असतात आणि नमुने घडवण्याची हत्यारेही असतात. तेव्हा त्याला काय विकायचे होते, हे पुराव्याने दाखवता येते. कलम ४९ याहून पुढे जात असे. विशिष्ट जिल्ह्यांत किंवा विशिष्ट वर्गाच्या लोकांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या अर्थाविषयी ज्यांना विशेष ज्ञान असण्याचे साधन आहे, त्यांचे मत ग्राह्य धरावे असे ते सांगत होते. २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमातही या तरतुदी कायम आहेत.

आम्ही साक्षीदारास पुन्हा बोलावण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. आमच्या अशिलाने पिशवीतून दाभण काढला, गुंडी काढली, चकती काढली आणि खोळीचा एक जुना तुकडा घेऊन न्यायाधीशांसमोर एक टाका घालून दाखवला. न्यायाधीश कन्नड भाषक होते. त्यांनी प्रश्न-उत्तर शब्दशः नोंदवून घेतले आणि दोन्ही अर्थ त्यांनी स्वतःच उच्चारून दाखवले. पुढे तडजोड झाली, पैसे मिळाले. तोवर दोन वर्षे उलटली होती, दुकानाचे भाडे थकून दुकान गेले होते आणि मुलगा तयार गाद्यांच्या गोदामात हमालीला लागला होता.

या प्रकरणातून आम्ही जो निष्कर्ष काढला तो असा. ब्रिटिश अमदानीत केलेला कायदा पिंजाऱ्याला त्याच्या शब्दाचा जाणकार मानत आला. आपण, मराठीचे अभिमानी म्हणवणारे, मात्र त्याला तसे मानत नाही. परिभाषा ठरवायची वेळ आली की आपण संस्कृतचे प्राध्यापक बोलावतो, प्रशासकीय अधिकारी बोलावतो. दाभण चालवणारा माणूस त्या बैठकीत नसतो. मग एखादा असा शब्द घडतो, जो दुकानात कोणी उच्चारत नाही, आणि दुकानात जो उच्चारला जातो तो कोशात सापडत नाही.

आपल्या पूर्वसुरींची दृष्टी अशी नव्हती. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. ती चाळली तर शेतकरी, सुतार, कोष्टी यांच्या तोंडचे शब्द पानोपानी भेटतात. दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळातील महाराष्ट्र शब्दकोशात शब्दांपुढे प्रांताच्या खुणा आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहिला तो बलुत्या-अलुत्यांची कामे आणि त्यांची बोली कानाने ऐकून. ती वाट आपण मध्येच सोडली.

सीमाभागात आणि दूरच्या मराठी वस्त्यांत तर ही वाट अधिकच मोलाची आहे, कारण आपल्याकडे एका वस्तूभोवती अनेक भाषा एकत्र नांदतात. कापूस पिंजणाऱ्याचेच पाहा. मराठीत तो पिंजारी आणि बडोद्यात गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडी पिंजारो. इंदूर-ग्वाल्हेरकडे तो धुनिया होतो, हैदराबादेच्या तेलुगू परिसरात दूदेकुला. आमच्या बेळगाव भागात अनेकांचे आडनाव नदाफ आहे आणि त्या अरबी शब्दाचाही अर्थ कापूस पिंजणारा हाच. आमचा दाभण कन्नडमध्ये दब्बण आहे. तो कोणाकडून कोणाकडे गेला, यावर भांडण्यापेक्षा तो दोन्ही घरांत आहे, हे लिहून ठेवणे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. आमचे अशील घरी दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत. त्यांच्या मराठीला ‘भेसळीची’ म्हणणारे लोक आम्हांला भेटले आहेत. आमचा अनुभव असा की शुद्ध मराठीच्या पुष्कळ आग्रही माणसांना सुरगाठ आणि निरगाठ यांतला भेद विचारला तर उत्तर देता येत नाही. त्या वृद्धाला तो भेद बोटांना ठाऊक होता.

काळ बदलला आहे, हे आम्ही जाणतो. कारखान्यातील गादी यंत्राखाली दाबतात, सुई आरपार जाते आणि आडव्या टोकाची प्लास्टिकची पट्टी मागे ठेवून परत येते. कपड्याला किमतीची चिठ्ठी ज्या बारीक दोरीने अडकवतात तिच्याच जातीची ती वस्तू. ते आडवे टोक पलीकडे गेले की आडवे पडते आणि मागे सरकत नाही. स्पंजाच्या गादीला तर कापूस सरकण्याचे भयच नाही, त्यामुळे तिच्या अंगावर पुष्कळदा टाकाही नसतो. यंत्रावर आमचा राग नाही. मात्र त्या आडव्या टोकाच्या पट्टीला मराठीत काय म्हणायचे, हे आपल्यापैकी कोणी ठरवले आहे का? गोदामातील मुले तिला ‘टी’ म्हणतात, आणि आपण काही सुचवत नाही तोवर त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

वेष्टनावरील मजकुराचीही तीच गत आहे. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांनुसार वेष्टनावरील आवश्यक माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते. त्याच नियमात अशीही तरतूद आहे की त्याशिवाय दुसरी कोणतीही भाषा वापरण्यास मनाई नाही. म्हणजे मराठीला किंवा कन्नडला कायद्याने दार बंद केलेले नाही. आपणच आत जात नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून दुकानदार मागत नाही. दुकानदार मागत नाही, म्हणून कारखानदार छापत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे मोर्चाचे नाही, कामाचे आहे. पहिले असे की, आपापल्या गावातील जुन्या कारागिरांकडे जाऊन त्यांच्या हत्यारांची आणि जोडवस्तूंची नावे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावीत. शेजारी वस्तूचे चित्र काढावे आणि त्यापुढे कन्नड, कोंकणी, गुजराती, हिंदी, तेलुगू जे असेल ते नाव द्यावे. गुंडीसारखा शब्द दोन भाषांत दोन अर्थांचा असेल तर तेथे ठळक खूण करावी. दुसरे असे की, कारागिरांनी दरपत्रक आपल्या भाषेतच द्यावे, परंतु त्यासोबत नमुना द्यावा किंवा निदान चित्र काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. १९३०च्या मालविक्री अधिनियमात नमुन्यावरून झालेल्या विक्रीसाठी स्वतंत्र कलम आहे, त्याचा लाभ घ्यावा. तिसरे असे की, आमच्या वकीलबंधूंनी सीमाभागात साक्ष नोंदवताना व्यवसायाच्या शब्दापाशी थांबून ‘म्हणजे काय, दाखवा’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. त्या दिवशी आम्ही ते विचारले नाही, ही आमची चूक होती आणि तिची किंमत आमच्या अशिलाने मोजली.

तडजोडीच्या दिवशी तो वृद्ध कारागीर न्यायालयाच्या पायऱ्यांवर आमच्याजवळ येऊन म्हणाला, ‘वकीलसाहेब, गुंडी माझी होती, शब्दही माझा होता, मग मला कुणी विचारलं का नाही?’ आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. त्याने ती गुंडी आमच्या हाती दिली. ती आज आमच्या टेबलावर, कायद्याच्या पुस्तकांशेजारी आहे. कारागीर साक्षीला आला, की प्रश्न विचारण्यापूर्वी आम्ही एकदा तिच्याकडे पाहतो.