नातवंडाची आगगाडी

आजी-आजोबांनो, नातवंडाच्या वाढदिवसाला बसून चालवायची आगगाडी घेण्याचा बेत असेल, तर तिचा रंग आणि शिटी पाहण्यापूर्वी बाळाचे पाय पाहा. आधाराविना स्थिर चालू लागलेल्या मुलासाठीच ती घ्यावी. गाडीवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकावेत, गुडघे किंचित वाकलेले राहावेत. बैठक ठेंगणी आणि चाकांमधले अंतर रुंद असेल, तर गाडी सहसा कलंडत नाही.

आयएसआय चिन्ह अवश्य शोधा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना ते बंधनकारक आहे. शिटी वा दिवा असल्यास सेलच्या कप्प्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले हवे. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच ती आतून गंभीर भाजू शकते. नुसती शंका आली तरी उलटी करवू नका. तडक रुग्णालय गाठा.

आता तुमच्याविषयी. कमरेत वाकून गाडी ढकलू नका. बाळाला स्वतःच्या पायांनी रेटू द्या. त्यातच त्याचा व्यायाम आहे. जिन्याकडचे दार लावून, जवळच खुर्चीत बसून लक्ष ठेवा. रात्री लघवीला उठताना वाटेतल्या खेळण्याला अडखळून खुब्याचे हाड मोडलेले आजोबा मी पाहिले आहेत. म्हणून भिंतीलगत गाडीचे ‘स्थानक’ ठरवा आणि खेळ संपल्यावर तिला तिथे पोहोचवण्याचे काम नातवंडावरच सोपवा. तुम्ही मात्र निजण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या.